गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

बंदरवाडी, ता. मालवण
दि. १७ डिसेंबर

प्रिय गणपत यास,

सत्यवानाचा सप्रेम नमस्कार.

वि. वि. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायची आपली पद्धत, म्हणून लिहिलं. दिल्लीत तू किती खुशाल आहेस याची मला पुरती कल्पना आहे. मी कसा आहे ते पुढे येईलच. तुझ्या लॉजचा पत्ता मंगेशकडून घेतला. तुझा भाचा खरा, पण लहानाचा मोठा माझ्याच पडवीत झाला, आणि पत्ता देताना मला विचारतो, "तुमका कित्याक व्हयो?" तुझा पत्ता मागायला मला कारण द्यावं लागेल, असं सहा महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

फोन तीनदा लावला. तू उचलला नाहीस ते एका परीने बरंच झालं. फोनवर मी बोलू लागलो की भाषण होतं, ही तीस वर्षांची खोड. कागदावर निदान खाडाखोड करता येते.

घरचं आधी लिहितो. रुक्मिणी वहिनी बऱ्या आहेत. शर्मिला रोज दिवेलागणीला तुमच्याकडे जाऊन बसते, दोघी मिळून टीव्हीवरची मालिका बघतात आणि त्यातल्या सासूला शिव्या घालतात. तुझ्या परड्यातली एक केळ वाऱ्याने आडवी झाली, घड उतरवून तुमच्याच माळ्यावर पिकत घातलाय. काजूला मोहर बरा आहे. बांगडा इतका मिळतोय की कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही, सगळ्यांच्या घरी तेच.

जत्रेचा मांडव परवा उतरवला. जत्रेविषयी लिहायचं आहे, पण ते नंतर.

तू विचारणार नाहीस, तरी गावची हवा सांगतो. नाक्यावरच्या बाळाने हॉटेलातलं कॅलेंडर बदललं. वीस वर्षं तिथे आमच्या नेत्याचं असायचं, हात जोडलेलं. आता डिसेंबर संपायची वाट न बघता पुढच्या वर्षाचं तुमचं लावलंय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, भिंत त्याची. पण पूर्वी मी बाकावर टेकायच्या आत चहा यायचा, आणि परवा तो मला विचारतो, "साखर कितकी घालू?" ज्या माणसाने माझ्या चहात तीस वर्षं दोन चमचे घातले त्याने हे विचारावं? मी म्हटलं, घालूच नको. आणि तो बिनसाखरेचा चहा मी शेवटपर्यंत प्यायलो, कारण मध्येच ठेवला असता तर त्याला कळलं असतं.

दिल्लीचं सरकार गेल्यापासून अख्खा गाव सांगतोय की आपण पहिल्यापासूनच कंटाळलो होतो. "आमका तेवाच कळलला," असं वरच्या वाडीतले सगळे म्हणतात. मी एकदा विचारलं, कळलं होतं तर आमच्या टोप्या घालून मिरवणुकीत कशाला नाचलात? तर म्हणतात, "ऊन होता." आता यावर माणसाने काय बोलायचं? जनमत जनमत म्हणून आपण दोघे आयुष्यभर ज्याच्यामागे धावलो ते हे असं आहे. उन्हाला टोपी, थंडीला मफलर, आणि दोन्ही फुकट मिळालं तर बरं.

हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत नाही. किंवा लिहितोय, असं समज. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसलोय, त्यामुळे पहिलं खरं इथेच लिहून टाकतो. सरकार गेल्याचं दुःख मला आठ दिवस झालं. दिल्लीत आमचे बसले काय आणि तुमचे बसले काय, माझ्या घरची वीज वारा सुटला की जातेच. माझं पोट दुखतं ते तुझ्यामुळे. तुझा हेवा वाटतो, गणपत. सकाळी उठल्यापासून वाटतो.

नाक्यावर तुमच्या खासदाराच्या स्वागताचा बॅनर लागला, त्यात तुझा फोटो वरून तिसरा, चष्मा लावलेला. तो बॅनर मी तीन वेळा वाचला. चौथ्यांदा वाचताना मंगेशने बघितलं, तेव्हा मी उगीच मान वर करून माडाला नारळ किती लागलेत ते बघू लागलो. घरी येऊन शर्मिलेला म्हटलं, त्या चष्म्यात गणपत पोस्टमास्तर दिसतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमका फोटोची इतकी हौस आसा तर आपल्या लग्नातलो लावा भायर." त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

तुला आठवतंय ना, आपण दोघे शाळेतल्या मतदान केंद्रावर एकाच बाकावर बसायचो. मी आमचा एजंट, तू तुमचा. मतदार आत आला की तू यादीत खूण करायचास आणि मी पण, आणि दोघांनाही त्याचं मत कुठे पडणार ते ठाऊक असायचं. दुपारी शर्मिलेने दिलेल्या आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मी मध्ये ठेवायचो. तू पहिल्यांदा नको म्हणायचास. मग सगळ्यात जास्त तूच खायचास. पहिल्या निवडणुकीत तुमच्या पक्षाला आपल्या गावात एकोणीस मतं पडली, आणि त्या दिवसापासून तुझं नाव एकोणीस पडलं. "एकोणीस इलो, चाय दी." तू कधी चिडला नाहीस. उलट म्हणायचास, "एकोणीस म्हणजे आकडो नाय रे, एकोणीस माणसा आसत, आणि सगळ्यांची नावा माका पाठ आसत."

तेव्हा मी तुला आंबोळी वाढायचो ती मित्र म्हणून, असं मी समजत होतो. आता कळतंय की जिंकणाऱ्या माणसाला वाढायला फार सोपं जातं. या मे महिन्यात आपण तिथेच बसलो आणि डबा तू आणलास. वहिनींनी सुरमई तळून दिली होती. मी म्हटलं, माझं पित्त वाढलंय. पित्तबित्त काही नव्हतं. सुरमईचा वास मला घरी जाईपर्यंत नाकात होता.

निकालात आमच्या पक्षाला गावात एकसष्ट मतं. त्यावरून मला कुणी नावसुद्धा ठेवलं नाही. तुझी निदान थट्टा तरी व्हायची.

आता जत्रेचं. इथे मी पेन ठेवून बाहेर चक्कर मारून आलो. जेवलो, पान खाल्लं. आता लिहितो.

गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराकडे आहे. माझ्या आज्याने घातलं, बापाने घातलं, बावीस वर्षं मी घालतोय. देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने मागायचं, आणि एकेका मागण्यावर सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात आलं त्याच्यासाठी गाव मागतो, ज्याचं आलं नाही त्याने आपलं आपण बघायचं, असं आपण सगळे मानत आलो. जत्रेच्या चार दिवस आधी तू माझ्या पडवीत आलास. सरकार तुमचं आल्यापासून पहिल्यांदाच आलास. चप्पल बाहेर काढून, एखाद्या परक्यासारखा पायरीवर बसलास आणि म्हणालास, "सत्या, माझ्या दीपेशाचा तेवडा नाव घाल. बोटीवर आसा म्हणान सांग. बाकी माका काय नको."

मी हो म्हटलं. चिठ्ठीवर लिहूनही ठेवलं. दीपेश, बोटीवर. ती चिठ्ठी जत्रेच्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

लोक म्हणतात मी विसरलो. वय झालं, एवढ्या गर्दीत नाव राहिलं. मी त्यांना तसं म्हणू दिलं. वहिनींनाही तसंच सांगितलं. गणपत, मी विसरलो नव्हतो.

झालं ते असं. सभामंडपात खुर्च्या मांडल्या होत्या, कधी नव्हे त्या. तुमचे खासदार मधोमध आणि त्यांच्या शेजारी तू. मी नारळाचं ताट घेऊन उभा. खासदारांनी माझ्याकडे बघून तुला विचारलं, "हे इथले गुरव का?" आणि तू हसलास. तू कशासाठी हसलास ते मला माहीत नाही, कदाचित उत्तर द्यायचंच होतं आणि आधी हसू आलं. पण तेवढ्यात फोटोवाला मध्ये आला आणि उत्तर राहून गेलं. मग मी गाऱ्हाणं घातलं. पाऊसपाणी मागितलं, दर्यावर गेलेल्या होड्यांची राखण मागितली, मुंबईकरांचं, आजाऱ्यांचं, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या लग्नाचं. सतरा नावं घेतली. तू हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होतास. तुझ्या लेकाचं नाव माझ्या जिभेवर आलं आणि मी जीभ आवरली. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते जसंच्या तसं लिहितो. याला आता देव कशाला हवा, याच्यापाशी दिल्ली आहे.

आणि मी नारळ फोडायला दिला.

दुसऱ्या दिवशी कुडाळहून गाडी धरून दिल्लीला गेलास. लोकांना वाटलं, खासदाराचं पत्र मिळालं म्हणून गेलास. तू का गेलास ते मला कळलं होतं. गावाने मागितलं नाही, तेव्हा बाप स्वतः मागायला गेला.

तू गेल्यावर चार दिवसांनी मंगेशने तुझा फोटो सगळ्यांना दाखवला, दिल्लीतल्या मंत्रालयाच्या त्या मोठ्या फाटकासमोर उभा राहून काढलेला. नाक्यावर तर सणच झाला. "गणपत थेट आत पोचलो," असं बाळा ज्याला त्याला सांगत होता. मी तो फोटो हातात घेऊन बघितला आणि लगेच ओळखलं. कारण ते फाटक माझ्याच घरात भिंतीवर टांगलेलं आहे. बारा वर्षांपूर्वी जेटीच्या कामासाठी मी दिल्लीला गेलो होतो तेव्हाचा माझा फोटो, तोच खांब, तीच पाटी, तसाच मी एक हात कमरेवर ठेवून. तू तो बघायला दोनदा आला होतास. दुसऱ्यांदा बराच वेळ बघत राहिलास आणि जाताना म्हणालास, "नशीबवान आसस." त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की रात्रभर कूस बदलत होतो.

गणपत, आत गेलेला माणूस फाटकाचा फोटो काढत नाही.

मी चार दिवस बाहेरच्या हॉलमध्ये बाकावर बसलो होतो. सरकार आमचं, मंत्री आमचा, गळ्यात आमच्याच पक्षाचं उपरणं. तिथला खिडकीवरचा माणूस म्हणायचा, आतून फोन आल्याशिवाय पास मिळणार नाही. आतून फोन आला नाही. आमच्या साहेबांच्या माणसाला मी बाहेरून फोन करायचो, तो म्हणायचा, बसा, सांगतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी एका फोटोवाल्याकडून फाटकाचा फोटो काढून घेतला आणि गाडीत बसलो. गावात येऊन सांगितलं की साहेबांनी शेजारी बसवून जेवायला घातलं. काय काय होतं जेवायला तेही सांगितलं. बारा वर्षं त्या जेवणात मी एकेक पदार्थ वाढवत गेलोय. शर्मिलेलासुद्धा खरं माहीत नव्हतं, काल मी सांगितलं तेव्हा कळलं.

म्हणून परवा मंगेश जेव्हा म्हणाला, "मामा सांगता, आतसून फोन येवचो आसा," तेव्हा मी त्याला पुढे काही विचारलं नाही. नाक्यावरून सरळ घरी आलो.

आता यातलं सगळ्यात वाईट लिहायचं राहिलंय, आणि ते तुला ठाऊक नाही. मार्चमध्ये दीपेशची बोट त्या परदेशी बंदरात अडकली, मालकाने हात वर केले, पोरांना खाली उतरू देईनात, तेव्हा तू सगळ्यात आधी माझ्याकडे आलास. सरकार तेव्हा आमचं होतं. अर्ज मी लिहिला, चांगला लिहिला, आणि सावंतवाडीला आमच्या साहेबांच्या कार्यालयात घेऊन गेलो. परत येऊन तुला सांगितलं, "साहेबांनी माझ्यासमोर दिल्लीक फोन लावलो. काम झाला समज." तू माझे दोन्ही हात धरलेस. नंतर एप्रिल आणि मे, दोन महिने, तू दुसरीकडे कुठे गेला नाहीस, कारण काम झालं होतं.

साहेबांनी फोन लावला नव्हता. साहेब मला भेटलेच नाहीत. तिथल्या पोराने अर्ज घेतला आणि टेबलाच्या कोपऱ्यात गठ्ठ्यावर ठेवला. मी त्याला पोच मागितली, तर म्हणाला, "काका, घरचीच माणसं तुम्ही, पोच कसली?" हे मी तुला कसं सांगणार होतो? ज्याला मी तीस वर्षं आंबोळ्या वाढल्या त्याला सांगायचं, की मला माझ्या घरात उंबऱ्यावरून परत पाठवलं? तेव्हाही मला तुझ्यासमोर लाज वाटली, तुझ्या पोराची काळजी नाही वाटली. ते दोन महिने मी खाल्ले, गणपत. तुमचं सरकार काय करतंय आणि काय नाही, हे विचारायचा मला हक्क नाही.

हे मी आयुष्यात कुणाला सांगितलं नसतं. गेल्या रविवारी दुपारी दीपेशचा फोन आला नसता तर हेही पत्र तुला आलं नसतं.

तुझा फोन लागेना म्हणून त्याने आमच्याकडे लावला. कुणा मल्याळी मित्राच्या फोनवरून. शर्मिलेशी आधी बोलला, तिला हसवलं, मग फोन मला द्यायला सांगितलं. म्हणतो, "काका, जत्रेच्या दिवशी हय आम्ही सगळे डेकवर उबे रवलो. माका वेळ म्हायत होतो. चौदा जण. मी तेंका शिकवलंय. मी सांगी, आता काका आमच्यासाठी मागतत, आणि सगळे म्हणीत, व्हय म्हाराजा. तो रामाशीष तर अजून दिसभर म्हणत फिरता. काका, माझा नाव पयला घेतलास काय शेवटाक?"

मी म्हटलं, "मधी घेतलंय रे बाबा. चांगला मोठ्यान घेतलंय."

तो म्हणाला, "माका वाटलाच. त्या रात्री बरी झोप लागली."

फोन ठेवला आणि मी तिथेच बसलो. शर्मिला समोर उभी होती. तिला सगळं कळलं असावं. म्हणाली, "थय चौदा पोरा व्हय म्हणली. तुमी मागलासच नाय, तर ती कसल्याक व्हय म्हणली?"

मी गुरवांकडे गेलो. राहिलेलं नाव नंतर घालता येतं का, असं विचारलं. ते म्हणाले, "घालूक येता. पण नारळ तुझो, आणि व्हय म्हणणारी माणसा तूच बोलाव. आणि नाव कशाक रवला ता देवाक सांगूक व्हया." म्हातारा हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, वाती वळत होता.

काल सकाळी नऊ वाजता देवळात गेलो. बोलवायला मी घरोघर फिरलो, तुमच्या माणसांकडे आणि आमच्या एकसष्टांकडे. वाटलं होतं पाच-सहा येतील. बाळा हॉटेल बंद करून आला, धंद्याच्या वेळेला. मंगेश आला. वरच्या वाडीतले आले. शर्मिला वहिनींना घेऊन आली. खुर्च्या कुणी मांडल्या नव्हत्या.

मी नारळ ठेवला. काय म्हटलं ते तुला लिहितो, कारण ते तुझं आहे.

"बा रवळनाथा म्हाराजा, आज ह्यो जो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो आसा, तो गावाचो नाय, ह्या एकट्या सत्यवानाच्या चुकीचो आसा."

"व्हय म्हाराजा."

"जत्रेच्या दिवशी ज्या लेकराचा नाव ह्या तोंडान गिळल्यान, ता आज तुझ्या म्होरे भायर काढतंय."

"व्हय म्हाराजा."

"ह्या तोंडाक विसर पडलो नव्हतो, म्हाराजा. ह्या तोंडाक हेवो होतो. आणि मार्च म्हयन्यात ह्याच तोंडान त्या लेकराच्या बापाक खोटा सांगलला, काम झाला म्हणान. काम झालला नव्हता."

इथे कुणी काही म्हणालं नाही. मी डोळे मिटलेलेच ठेवले. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल आली, थांबली. मी मनात म्हटलं, आता सगळे उठून जाणार. मग मागून एक आवाज आला, एकटाच, बारीक. "व्हय म्हाराजा." तो वहिनींचा होता. त्यानंतर सगळ्यांनी म्हटलं.

मग मी दीपेशचं नाव घेतलं आणि त्याच्यासोबतच्या तेरा जणांचीही. सोमवारी त्याला परत फोन लावून सगळी नावं उतरवून घेतली होती. अलेप्पीचा थॉमस, बलियाचा रामाशीष, एक बंगाली, दोघे गुजराती भाऊ. काही नावं मला नीट उच्चारता आली नाहीत. लोकांनी प्रत्येक नावाला होकार दिला, चौदा वेळा. बाळाचा आवाज शेवटी बसला होता. नंतर त्याने देवळाच्या पायरीवर मला चहा आणून दिला. दोन चमचे साखर होती. पण तो माझ्याशी बोलला नाही, आणि मंगेशही बोलला नाही. बोलावं असं काही मी केलेलंही नाही.

सोबत एक कागद जोडलाय. चौदा जणांची नावं, त्यांच्या खलाशी पुस्तकांचे नंबर, बोटीचं नाव, बंदर, कधीपासून अडकलेत ती तारीख. हे सगळं दीपेशने सांगितलं तसं मी स्वच्छ अक्षरात लिहिलंय. खाली गावातल्या माणसांच्या सह्या आहेत, तुमच्या आणि आमच्या मिसळून, त्यामुळे कोण कुठला ते ओळखता येणार नाही. आता हे लक्षपूर्वक वाच. त्या हॉलमध्ये बसू नकोस. आतून फोन येणार नाही. खासदाराचं पत्र खिशात राहू दे. सकाळी दार उघडताच उजव्या बाजूच्या खिडकीवर जा, जिथे टपाल घेतात. कागद दे आणि डायरी नंबर, म्हणजे आवक क्रमांक, माग. नंबर दिल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. मला हे चौथ्या दिवशी तिथल्या एका शिपायाने सांगितलं होतं. म्हणाला होता, इथे माणसाला कुणी ओळखत नाही, नंबराला ओळखतात. मला तेव्हा राग आला होता. मी मोठा माणूस होतो ना, नंबर कशाला घेईन? जेटीचा अर्ज तसाच परत घेऊन आलो. तो शिपाई खरं सांगत होता, असं आता वाटतं. नंबर मिळाला की मला कळव, त्याच्या मागे रोज मी लागेन. मला आता दुसरं काम नाही.

माझ्या घरातला फाटकाचा फोटो मी उतरवला. भिंतीवर चौकोन राहिलाय. शर्मिला म्हणते, तिथे कॅलेंडर लावूया, देवाचं.

तू परत आलास की माझ्याशी बोलशील की नाही, हे मी विचारत नाही. दीपेश घरी आला म्हणजे मला त्याला एकदा बघू दे, लांबून का होईना. एवढंच मागतो. आणि अजून एक मागायचंय, ते तुझ्याकडे. कालच्या गाऱ्हाण्यात सगळ्यांचा होकार मिळाला, तिकडे बोटीवरच्या पोरांचा आधीच मिळालाय, फक्त बापाचा राहिलाय. हे पत्र लॉजवर वाचलंस तर तिथे, बाकावर वाचलंस तर त्या बाकावर, तेवढे दोन शब्द म्हण. मोठ्याने नको. देवाला मनातलंही पोचतं असं माझा बाप सांगायचा.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. आपल्या दोघांत थोर कोण ते आता मला नक्की ठाऊक आहे, म्हणून नमस्कारच लिहितो.

तुझं जुनं नाव तू आता वापरत नाहीस. ते मी घेतलं तर चालेल ना?

तुझा,
एकोणीस